फळ्याची उजवी बाजू

शनिवारी आमची सकाळची शाळा असते. पोरं फाटकाबाहेर पडली की मी बादली, गोणपाटाचा तुकडा आणि खडूंचा डबा घेऊन फाटकाजवळच्या फळ्यापुढे उभी राहते. हा फळा भिंतीतच सिमेंटनं केलेला, काळा रंग दिलेला, पुरुषभर लांब आहे. मधोमध एक उभी पांढरी रेघ. रेघेच्या डावीकडे ‘अभिनंदन’, उजवीकडे ‘आगामी कार्यक्रम’. एवढे तीन शब्द ऑइलपेंटनं कायमचे लिहिलेले आहेत. बाकी सगळं दर आठवड्याला पुसायचं आणि नव्यानं लिहायचं.

हे काम आधी चित्रकलेच्या सरांकडे होतं. ते निवृत्त झाले, त्यांची जागा काही भरली गेली नाही, आणि एक दिवस मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे.” शाळेत हे वाक्य कोणी नुसतं कौतुक म्हणून बोलत नाही, त्याच्यामागून काम येतं. सरांनी जाताना एक गुपित मात्र सांगून ठेवलं. खडू साखरेच्या पाण्यात बुडवून लिहायचा. ओला असताना अक्षर फिकं दिसतं, वाळलं की उठावदार होतं आणि बाही घासली तरी जात नाही. मुंग्या येतात, पण त्या वाचून निघून जातात, असं सर म्हणायचे.

आमचं गाव बोरी नदीकाठचं, अमळनेर आणि पारोळा यांच्या मधलं. कपाशी, दादर ज्वारी, हरभरा. शाळेत घरची बोली अहिराणी आणि पुस्तकाची मराठी अशा दोन चपला काढून-घालून पोरं वावरतात. वर्गात “सर, मी आलो”, आणि वर्गाबाहेर पाय ठेवला की “मी वनू ना!” मी मराठी शिकवते, त्यामुळे या दोन्हींच्या उंबऱ्यावर उभं राहण्यातच माझी बरीच वर्षं गेली.

पहिल्याच आठवड्यात कळलं की डावी बाजू लिहिणं म्हणजे आधी नावांचा प्रश्न सोडवणं. एका वर्गात चौदा-पंधरा पाटील. त्यातही एकाच नावाचे दोन, कधी तीन. ‘पाटील, ८ वी ब, तालुक्यात दुसरी’ असं लिहिलं तर तीन घरांत पेढे वाटले जातील आणि चौथ्या घरात भांडण होईल. म्हणून वडिलांचं नाव लिहायचं. मग एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आईचं नाव का नाही लिहीत?” तिचे वडील तिला कळायला लागायच्या आधीच गेले होते. त्या दिवसापासून मी आईचंही नाव लिहिते. आता सरकारनंही १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव सक्तीचं केलंय. ती मुलं शाळेत येईपर्यंत मी या फळ्यावर असेन की नाही कोण जाणे, पण नाव लांब झाल्यामुळे खडू जास्त लागतो ही तक्रार मी आत्तापासून करून ठेवली आहे.

चुका होतात. एकदा एका पोराच्या नावात दुसरी वेलांटी हवी होती, मी पहिली दिली. धावण्याच्या स्पर्धेत तो जिल्ह्यापर्यंत गेला होता. तो काही बोलला नाही, मलाही कळलं नाही. बुधवारी फळ्यापुढून जाताना वेलांटी बदललेली दिसली. माझी रेघ बारीक असते, ही जाड होती, थोडी थरथरलेली, कोरड्या खडूनं घाईत ओढलेली. माझं अक्षर साखरेच्या पाण्याचं, ते बोटानं पुसलं जात नाही. म्हणून त्यानं माझी वेलांटी तशीच ठेवून तिच्यावरून आपली गिरवली होती. मी त्याला विचारलं नाही. शनिवारी पुसायची वेळ आली तेव्हा मात्र ती दोन पदरी वेलांटी मी सगळ्यात शेवटी पुसली.

डाव्या बाजूला काय काय येतं? शिष्यवृत्ती परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला, खो-खो, कबड्डी, तालुका विज्ञान प्रदर्शन, कधी नशीब असलं तर इन्स्पायर अवॉर्डला निवड, म्हणजे मॉडेल करायला दहा हजार रुपये. चित्रकलेच्या परीक्षेचं मला हल्ली वाईट वाटतं. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. त्यामुळे निकाल फळ्यावर लागला की कोणी “काय काढलं होतंस?” असं विचारत नाही. “किती वाढले?” असं विचारतात. एका पोरीनं स्मरणचित्रात बैलगाडीवर कापूस भरणारी माणसं काढली होती. गाठोड्याचा फुगीरपणा असा उतरला होता की कागद दाबला तर आत जाईल असं वाटावं. तिला क मिळाली. घरी ते चित्र तीन मार्कांचं झालं.

आणि दहावीचा निकाल. मंडळानं गुणवत्ता यादी बंद करून बरीच वर्षं झाली, तरी गावाला शाळेत पहिलं कोण आलं हे हवंच असतं. गंमत अशी की वर्षातलं सगळ्यात मोठं अभिनंदन लिहायचं तेव्हा शाळेत कोणी नसतं. २०२५ मध्ये निकाल १३ मेला लागला. खान्देशातला मे म्हणजे काय ते सांगायला नको. फळ्याचा सिमेंट इतका तापलेला की ओला खडू टेकवला की पाणी तिथल्या तिथे उडून जायचं. मी डोक्याला रुमाल बांधून पाच नावं लिहिली, शिपाई मामांनी बादली धरली. वाचायला एक कुत्रं आणि समोरच्या टपरीवरचा पानवाला. पोरं गुणपत्रिका न्यायला आली तोवर धुळीनं नावं पिवळी पडली होती.

त्याच पाच जणांचे फोटो मात्र चौकातल्या फ्लेक्सवर ताजेतवाने होते. म्हणजे होते असं म्हणायचं. फ्लेक्सच्या वरच्या पट्टीत नेते, डाव्या-उजव्या बाजूला शुभेच्छुक, खाली आणखी शुभेच्छुक, आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढे ते पाच चेहरे. एका पोरानं मला दाखवलं, “मॅडम, हा मी.” मी चष्मा वर करून पाहिलं. माझा फ्लेक्सवर राग नाही, छापणाऱ्याचं पोट त्यावर चालतं. पण कौतुकात ज्याचं कौतुक तोच बारीक असावा हे मला अजून जमत नाही.

आमच्यात तरी ते जमतं असं कुठे आहे म्हणा. एका वर्षीच्या गुणगौरव समारंभाची गोष्ट मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही. कार्यक्रम अकराला, पाहुणे दीडला आले. पत्र्याच्या शेडखाली पोरं बसून. स्वागतगीत तीनदा म्हणून झालं. पाहुणे आल्यावर सत्कार पाहुण्यांचे, मग पाहुण्यांसोबत आलेल्यांचे. भाषणात बहिणाबाई आल्याच, आमच्याकडे त्यांच्यावाचून माईक कोणी खाली ठेवत नाही. आसोद्याची ही बाई कधी शाळेत गेली नाही, तिची कविता तिच्या लेकानं आणि त्याच्या मावसभावानं उतरवून घेतली म्हणून राहिली. हे ऐकायला बसलेल्या पोरांपैकी किती जणांनी दुपारचं खाल्लंय याची चौकशी मात्र कोणी केली नाही. गोळाफेकीत तालुक्यात पहिली आलेल्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा साडेतीन वाजले होते. ती नव्हती. तिच्या गावाकडं जाणारी एसटी सव्वातीनला निघून गेली होती आणि त्यानंतरची संध्याकाळी. निवेदन मी करत होते. मी म्हटलं, “काही कारणास्तव अनुपस्थित.” हे तीन शब्द मला अजून टोचतात. कारण आम्ही होतो, अनुपस्थित ती झाली.

दुसऱ्या दिवशी कपाटातला तो चषक मी तिला स्टाफरूममध्ये दिला. टाळ्या वाजवायला इंग्रजीच्या मॅडम आणि मी, दोघीच. तिनं चषक उलटा करून बघितला, खाली किंमत चिकटवलेली होती ती नखानं काढली आणि म्हणाली, “मॅडम, पिशवी आहे का? एसटीत पोरं विचारतात.” मी डब्याची पिशवी रिकामी करून दिली.

त्यानंतर काही वर्षं माझं मन डाव्या बाजूवरून उडालं होतं. हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सोमवारी सकाळी पोरं फळ्यापुढे गर्दी करतात ती उजवीकडे. डावीकडे ज्याचं नाव असतं तो येतो, त्याचे दोन मित्र येतात, एखादा मत्सरी येतो. उजवीकडे सगळे येतात. डावी बाजू झालेली असते. तिथं आता कोणाला काही करता येत नाही. उजवीकडे अजून कोणाचंच नाव नसतं, फक्त तारीख असते आणि खाली ‘नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत’.

तारखेची किंमत आमच्याकडं फार आहे. घरी कुठलीच गोष्ट तारखेवर नसते. पाऊस आला तर पेरणी, भाव आला तर कापूस विकायचा, विकला तर गणवेश, मजुरी मिळाली तर सहल. सगळं ‘तर’वर टांगलेलं. त्यात फळ्यावर ‘२८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन, प्रयोग प्रदर्शन’ असं लिहिलेलं असतं आणि २८ फेब्रुवारीला ते खरंच होतं. १९२८ साली याच तारखेला रामन यांनी आपला शोध लावला हे पोरांना पाठ असतं. पण त्यांना खरं अप्रूप कसलं, तर ठरलेलं घडतं याचं. म्हणून तारीख बदलायची वेळ आली की मला फार लाज वाटते. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा नेहमीपेक्षा आधी, २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. त्यामुळे स्नेहसंमेलन, सहल, सराव परीक्षा सगळंच पुढं-मागं करावं लागलं. फळ्यावर तीनदा तारीख खोडून लिहिली तेव्हा पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, “मॅडम, आता ही पक्की ना?” तिला पाहून घरचा पाऊस आठवावा तसा तिचा चेहरा होता.

आनंद मेळाव्याची जाहिरात एकदा उजवीकडे लिहिली. पोरांनी खाऊचे स्टॉल लावायचे. आठवीतला एक पोरगा आला, ज्याचं नाव डाव्या बाजूला येण्याची शक्यता त्यालाही वाटत नव्हती. म्हणाला, “मॅडम, भरीत चालेल का? पण गॅसवर नाही.” त्यानं मैदानाच्या कोपऱ्यात पऱ्हाट्या पेटवल्या. पऱ्हाटी म्हणजे कपाशी निघाल्यावर शेतात उभी राहिलेली काडी. तिच्या जाळावर हिरवी मोठी वांगी टाकली. साल काळी होऊन फुटली, आतून पाणी सुटलं, शाळाभर तो वास. मग हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या आईनं करून दिलेल्या. आमच्या गणिताच्या सरांनी दोन द्रोण खाल्ले आणि पैसे देताना मुद्दाम पन्नासची नोट दिली. पोरानं हिशेब केला, सुटे परत केले आणि वर म्हणाला, “सर, पहिल्या द्रोणाला पुरी कमी होती, दोन रुपये तुमचे.” सर म्हणाले, हा मला वर्गात का भेटत नाही. त्याचं नाव मी पुढच्या आठवड्यात डावीकडे लिहिलं. ‘आनंद मेळाव्यात उत्कृष्ट भरीत.’ मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण पुसा म्हणाले नाहीत. त्यांनीही खाल्लं होतं.

उजव्या बाजूला काही दिवस असे येतात की त्यांना ना नंबर असतो ना बक्षीस. ९ सप्टेंबर त्यातला. १९४२ मध्ये याच दिवशी नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले. शाळेत जायच्या वयाची पोरं. त्या दिवशी फळ्यावर मी फक्त पाच नावं लिहिते: शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. ‘आगामी कार्यक्रम’ या शीर्षकाखाली ती नावं विचित्र दिसतात. ती डावीकडे न्यावीत तर ‘अभिनंदन’ त्याहून विचित्र. दरवर्षी मी खडू हातात घेऊन थोडा वेळ थांबते आणि दरवर्षी उजवीकडेच लिहिते.

अमळनेरला जाणं झालं की प्रताप हायस्कूलवरून जाताना एक विचार येतो. १९२४ ते १९३० साने गुरुजी तिथं शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे, आणि तिथल्या मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. दैनिक! कोकणातून आलेला तो मास्तर रोज लिहायचा आणि मी आठवड्यातून एकदा लिहिते तर माझी पाठ दुखते. त्यांच्यावर आता पुतळे, भाषणं, निबंध सगळं झालंय. २०२४ मध्ये अमळनेरात साहित्य संमेलन भरलं तेव्हा तर त्यांच्या नावाला तोटाच नव्हता. मला मात्र त्या दैनिकाचंच वाटत राहतं. सकाळी उठून एखादा पोरगा ते वाचायला जात असेल, त्यात आपल्याबद्दल काही आहे का ते आधी बघत असेल, नसेल तर उद्या काय आहे ते बघत असेल. शंभर वर्षांत पोरांचं यापेक्षा वेगळं काय झालंय?

या आठवड्यात डाव्या बाजूला एकच नाव आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे आम्ही सगळे जिला नुसतं एनएमएमएस म्हणतो. आठवीत परीक्षा, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न. देशभरात एक लाख मुलं निवडतात, त्यात महाराष्ट्राचा वाटा ११,६८२. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आमची एक मुलगी निवडली गेली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिच्या आईनं तहसीलला तीन खेपा घातल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. आईला मी कधी पाहिलेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्या आल्या. हरभरा सोंगून थेट शेतातून. डोक्यावरचा पदर दातात, हातांना हरभऱ्याची आंब लागून बोटांची टोकं पांढरट, भेगाळलेली. फाटकाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “मॅडम, मनी पोरनं नाव लिखेल शे म्हने. कोठे शे?”

मी नावाखाली बोट धरलं. त्यांनी अक्षरांकडे न बघता आधी माझ्या बोटाकडे बघितलं, मग फळ्याकडे. पहिला शब्द पोरीचा. दुसऱ्याशी मी थांबले. “हे तुमचं नाव.”

“हाई मनं?”

त्यांनी बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं, आपल्या हातानं खराब होईल म्हणून. मग बोट तपासलं. खडू लागला नव्हता. म्हटलं, साखरेचं पाणी आहे, पुसलं जात नाही. त्यांना ते पटलं नसावं, त्यांनी पुन्हा एकदा, यावेळी जरा जोरात, घासून बघितलं. नाव जागेवर. त्या हसल्या. मग लगेच कामाचं विचारलं, “पैसा कव्हय भेटतीन?”

मी सांगितलं, पोर्टलवर अर्ज भरायचा, बँक खातं पोरीच्या नावानं, आधार जोडलेलं हवं, दरवर्षी पुन्हा नूतनीकरण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर्षाचे बारा म्हणजे महिन्याचे हजार, चार वर्षांचे अठ्ठेचाळीस, हा हिशेब त्यांनी तोंडीच केला, माझ्याआधी. निघताना फाटकापाशी वळल्या.

“हाई कव्हय पुसतस?”

“शनवारले.”

“तिना बाप मंगळवारले येवाव शे. सुरतहून. तवलोंग ऱ्हाऊ द्या.”

पोरीचे वडील सुरतच्या उधन्याला साड्यांच्या कारखान्यात आहेत. आमच्या गावातल्या दर चार घरांतलं एक माणूस तिकडंच असतं, तापी लाइनच्या गाडीनं सणाला येतं आणि रात्रीच्या गाडीनं परत जातं. भाऊबंदातल्या एका लग्नाला ते मंगळवारी येणार होते. फळ्याचा फोटो पोरीच्या भावानं मोबाइलवर काढून सुरतला कधीच पाठवला होता, हे मला नंतर कळलं.

काल शनिवार होता. बादली भरली, गोणपाट भिजवलं. उजवीकडे बरंच लिहायचं होतं: २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, निबंध आणि अहिराणी ओव्या, २८ ला विज्ञान दिन, दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ, वेळ सकाळी नऊ, पाहुणे नाहीत. ‘पाहुणे नाहीत’ हे मी मुख्याध्यापकांकडून लेखी घेतलंय. एवढं सगळं अर्ध्या फळ्यात बसत नाही, एरवी अशा वेळी मी डावी बाजूही वापरते. शिपाई मामांनी गोणपाट माझ्या हातातून घेतलं आणि फक्त उजवी बाजू पुसली. म्हणाले, “मंगळवार गेल्यावर पुसू. बारीक लिहा.”

बारीक लिहिलं. भाषा दिन बसला, विज्ञान दिन बसला. निरोप समारंभ शेवटी फळ्याच्या अगदी कडेला उभा लिहावा लागला, एकाखाली एक अक्षर, आणि ‘सकाळी नऊ’ भिंतीच्या चुन्यावर गेलं.